लाइम आजारात आवाज बसतो तेव्हा: काय तपासायचं, कुणाकडे जायचं, रोज काय करायचं

शनिवारी सकाळी मी अमेरिकेतून सांगलीला आईला फोन करते, तेव्हा तिकडे संध्याकाळ झालेली असते. त्या सप्टेंबरात दोन मिनिटं बोलून झाल्यावर आई थांबली आणि म्हणाली, "अगं, रडतेयस का तू?" मी रडत नव्हते. आवाजच तसा येत होता, वाक्य संपायच्या आत विरून जाणारा. जूनमध्ये मला लाइम, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जिवाणूचा आजार, झाला होता. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला होता, गुडघ्यामागचा डाग गेला होता, सांधेही बरे होते. पण रविवारच्या मराठी शाळेत दोन तास शिकवणाऱ्या माझा घसा वीस मिनिटांत बसायला लागला होता. हे कुणाला सांगावं तेच कळत नव्हतं, कारण मला मिळालेल्या लक्षणांच्या कुठल्याच पत्रकात आवाजाचा उल्लेख नव्हता.

त्यानंतरच्या काही महिन्यांत डॉक्टरांकडून आणि स्पीच थेरपिस्टकडून जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही. औषध सुरू करणं किंवा थांबवणं तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा. मला कळकळीने सांगायचंय ते एवढंच: लाइम झालेल्या माणसाचा आवाज बसला, तर आधी कुणीतरी त्याचं स्वरयंत्र कॅमेऱ्याने बघायला हवं. "लाइमचंच असेल" म्हणून सोडून देणारे मी पाहिलेत आणि "थकवा आहे, होईल बरं" म्हणणारेही. घशात डोकावून मात्र दोघांनीही बघितलेलं नसतं.

आधी थोडी ओळख

कनेक्टिकट राज्यात लाइम आणि ओल्ड लाइम ही गावं आहेत. १९७५ च्या सुमारास तिथल्या बऱ्याच मुलांचे सांधे एकाच वेळी सुजले, तेव्हा पॉली मरे या तिथल्याच एका आईने चिकाटीने पाठपुरावा केला. त्यातून येल विद्यापीठाचं संशोधन सुरू झालं आणि आजाराला गावाचं नाव मिळालं. १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी त्यामागचा मळसूत्री आकाराचा जिवाणू शोधल्याचं जाहीर झालं. काळ्या पायांची गोचीड चावल्याने तो अंगात शिरतो. अमेरिकेत वर्षाला सुमारे ४,७६,००० लोकांवर लाइमचे उपचार होतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स हा सगळा याच आजाराचा पट्टा, आणि मराठी घरंही याच पट्ट्यात दाटीने आहेत.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडच्या वाचकांना गोचीड म्हटलं की माकडताप आठवेल. तो विषाणूचा आजार आहे आणि पूर्णपणे वेगळा. दोन्ही गोचिडीमुळे होतात, साम्य तेवढंच.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पुस्तकातल्या चित्रात लाइमचा डाग गोऱ्या कातडीवर लालभडक, नेमबाजीच्या फळीसारखा दिसतो. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर तो जांभळट, मार लागल्यासारखा दिसू शकतो. माझा तसाच होता. "कुठेतरी आपटलं असेल" म्हणत मी आठवडा घालवला. आठवत असेल तर असा डाग कधी दिसला होता ते लिहून ठेवा, आवाजाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनाही ते उपयोगी पडतं.

पहिली पायरी: आजच दवाखाना गाठायचा का, ते ठरवा

श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय, दम लागतोय, पाणी पिताना सारखा ठसका लागतोय, गिळता येत नाही, थुंकीतून रक्त येतंय, मानेत गाठ लागतेय, यांपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. श्वासाचा त्रास असेल तर थेट इमर्जन्सीत.

लाइमची म्हणून दोन लक्षणं वेगळी सांगते. एक, चेहऱ्याची एक बाजू लोंबणं किंवा डोळा मिटता न येणं. दुसरं, चक्कर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. लाइम हृदयातल्या विजेच्या वहनात अडथळा आणू शकतो आणि त्यासाठी त्याच दिवशी ईसीजी लागतो. चेहरा अचानक वाकडा झाला आणि सोबत बोलणं अडखळतंय किंवा हातापायातली ताकद गेलीय, तर तो पक्षाघात समजून अमेरिकेत ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा. लाइम आहे की नाही ते नंतर बघता येईल.

दुसरी पायरी: आवाज कुठे कुठे अडकू शकतो, ते समजून घ्या

ही पायरी लांब आहे, पण ती समजली की डॉक्टरांशी बोलणं निम्मं सोपं होतं.

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. फुप्फुसातली हवा वर येताना ते जवळ येऊन थरथरतात आणि आवाज होतो. म्हणजे हवा हवी, दोन्ही तंतू नीट मिटायला हवेत, त्यांच्यावरची ओल टिकायला हवी आणि त्यांना हलवणाऱ्या नसा शाबूत हव्यात.

आधी नसांचं बघू, कारण लाइम म्हटल्यावर सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. लाइम मेंदूतून निघणाऱ्या नसांना सुजवू शकतो, आणि त्यात चेहऱ्याची नस सर्वांत जास्त वेळा सापडते. स्वरतंतू हलवणारी नस ही व्हेगस नावाच्या लांब नसेची फांदी. लाइममध्ये तिला इजा होऊन एका बाजूचा स्वरतंतू लुळा पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, पण मोजक्याच. असं झालं की आवाजातून हवा गळते, एका दमात जेमतेम चार शब्द निघतात, हाक मारता येत नाही, खोकला पोकळ येतो आणि पातळ पदार्थ पिताना ठसका लागतो.

ही नस जाते मोठ्या आडवळणाने. डावीकडची फांदी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि थायरॉइडच्या मागून परत वर स्वरयंत्राकडे येते. त्यामुळे फुप्फुसातली गाठ, छातीतल्या क्षयाच्या गाठी, थायरॉइडची वाढ किंवा मानेवरची एखादी जुनी शस्त्रक्रिया, यांपैकी कशानेही तोच तंतू लुळा पडू शकतो. आमच्या शेजारी मुलाकडे आलेल्या एका आजोबांचा आवाज असाच हवेशीर झाला होता. लाइमच्या रक्ततपासणीत अँटिबॉडी सापडल्या आणि घरातल्यांना वाटलं, कारण मिळालं. नाक-घशाच्या डॉक्टरांनी तरीही मान आणि छातीचा स्कॅन करून घेतला आणि थायरॉइडमधली गाठ सापडली. अँटिबॉडी जुन्या संसर्गाच्या होत्या. त्या बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात.

लुळा तंतू तसा क्वचितच. जास्त वेळा दिसतात ती साधी कारणं, आणि लाइमच्या माणसात ती एकावर एक साचतात. आजारपणात श्वास उथळ होतो. हवा कमी पडली की माणूस गळ्याचे स्नायू आवळून आवाज काढतो. हे आवळणं अंगवळणी पडतं आणि ताकद परत आली तरी सुटत नाही. स्पीच थेरपिस्ट याला स्नायूंच्या ताणाचा आवाज म्हणतात. माझ्या बाबतीत मुख्य कारण हेच निघालं.

दुसरं कारण औषधाच्या डब्यात सापडू शकतं. डॉक्सिसायक्लिनची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. आपल्याकडे झोपताना हळदीच्या दुधाबरोबर गोळी घ्यायची सवय असते, आणि या गोळीसाठी ती दोन्ही अर्थांनी वाईट: लगेच आडवं झाल्याने गोळी अन्ननलिकेत रेंगाळते आणि दुधामुळे ती अंगात कमी शोषली जाते. ही गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, नंतर किमान अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं, आणि लोह, कॅल्शियम किंवा अँटासिड तिच्यापासून दोन तास तरी लांब ठेवायचं. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या तोंड-घसा कोरडा करतात. दम्याच्या स्टेरॉइड पंपाने स्वरतंतूंवर बुरशी धरू शकते. पंप घेतल्यावर चूळ भरून गुळण्या करायच्या त्यासाठीच.

आम्लपित्त, नाकामागून उतरणारा कफ, मंदावलेलं थायरॉइड, या गोष्टी लाइम नसलेल्या माणसालाही होतात, म्हणून लाइमवाल्याला होत नाहीत असं थोडंच आहे.

आणखी एक कारण चुकू नये: मायस्थेनिया, म्हणजे वापरताना स्नायू लवकर थकण्याचा आजार. यात आवाज सकाळी चांगला असतो, बोलत गेलं की क्षीण आणि नाकातला होतो, विश्रांतीने परत येतो. संध्याकाळी पापण्या जड होतात, कधी एकाचे दोन दिसतात. अशी लक्षणं असतील तर न्यूरॉलॉजिस्टकडे जायला हवं. आणि अँटिबायोटिक लिहून देणाऱ्याला हे आधी सांगायलाच हवं, कारण अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी काही औषधं मायस्थेनिया बळावू शकतात.

तिसरी पायरी: दोन आठवड्यांची आवाजाची वही

डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटं मिळतात आणि नेमका त्या दिवशी आवाज बरा असतो. म्हणून पुरावा घरूनच न्यावा.

रोज सकाळी उठल्यावर तासाभराने आणि रात्री जेवणाआधी फोनवर रेकॉर्ड करा. पाठ असलेल्या एखाद्या स्तोत्राची तीच चार कडवी रोज, नेहमीच्या आवाजात. मग पोटभर श्वास घेऊन सहज सुरात "आऽऽ" धरा आणि सेकंद मोजा. तीनदा करा, सगळ्यात लांबचा आकडा लिहा. निरोगी मोठ्या माणसाचा "आ" साधारण १५ ते २५ सेकंद टिकतो. सतत १० च्या खाली असेल तर डॉक्टरांना तो आकडा आवर्जून सांगा. माझा पहिल्या आठवड्यात ७ ते ९ होता.

शेजारी चार शब्दांत लिहा: किती वेळ बोलणं झालं, झोप कशी होती, कुठली गोळी किती वाजता, ठसका लागला का. आवाजाला शून्य ते दहा गुण देत बसू नका. "दुपारच्या मीटिंगनंतर हाक मारता आली नाही" हे वाक्य त्याहून जास्त सांगतं.

दोन आठवड्यांनी वही उघडून बघा. सकाळीच आवाज घोगरा, घशात आंबट, नंतर सुधारतो, तर पित्ताकडे बोट जातं. बोलत गेल्यावर बिघडतो आणि गळा, मान, जबडा दुखतो, तर स्नायूंचा ताण. दिवसभर एकसारखा हवेशीर आणि पाण्याचा ठसका, तर नस. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांनी कुठे नीट बघावं ते यातून कळतं.

चौथी पायरी: कॅमेरा

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१८ ची शिफारस अशी आहे: बसलेला आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरयंत्र बघावं. धूम्रपान करणारी व्यक्ती, मानेत गाठ, शस्त्रक्रियेनंतर किंवा घशात नळी घातल्यानंतर बसलेला आवाज, अशा वेळी तर चार आठवडेही थांबू नये. त्याच शिफारशीत असंही आहे की न बघता अँटिबायोटिक, स्टेरॉइड किंवा केवळ घोगरेपणासाठी पित्ताच्या गोळ्या लिहून देऊ नयेत. मला एका ठिकाणी न बघताच पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि दोन महिने त्यातच गेले. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, "स्वरयंत्राची तपासणी त्याच दिवशी होईल का?"

नेहमीच्या डॉक्टरांकडून रेफरल घ्या. जवळपास लॅरिंगॉलॉजिस्ट, म्हणजे फक्त स्वरयंत्र बघणारे ईएनटी, असतील तर उत्तम. मोठ्या शहरांच्या व्हॉइस क्लिनिकमध्ये डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट एकत्र बसतात. इन्शुरन्सला आधीच दोन गोष्टी विचारा: क्लिनिक नेटवर्कमध्ये आहे का, आणि व्हॉइस थेरपीच्या किती भेटी मंजूर होतात.

तपासणीची भीती वाटते, मलाही वाटली. नाकात बधिर करणारा फवारा मारतात आणि शेवईहून थोडी जाड, लवचीक नळी नाकातून घशापर्यंत नेतात. नाकात दाबल्यासारखं होतं, डोळ्यांतून पाणी येतं. "ई" म्हणायला लावतात, हुंगायला सांगतात. स्ट्रोबोस्कोपी असेल तर लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची थरथर संथ झाल्यासारखी पडद्यावर दिसते. दोन-पाच मिनिटांत आटपतं. बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका, नाहीतर ठसका लागेल.

बाहेर पडण्याआधी याची उत्तरं घ्या: दोन्ही तंतू हलतात का, पूर्ण मिटतात का, त्यांच्यावर गाठ, सूज किंवा बुरशी आहे का, वरचे स्नायू आवळले जातायत का. एखादा तंतू हलत नसेल तर कवटीच्या तळापासून छातीपर्यंत स्कॅन करणार का, हे विचाराच.

उन्हाळा मुलांकडे काढून पुण्या-नाशिकला परत गेलेल्या आईवडिलांचं दुखणं निराळं. तिथल्या डॉक्टरांना लाइम सहसा बघायला मिळत नाही, त्यामुळे तो चटकन सुचत नाही. "मी जून ते सप्टेंबर न्यू जर्सीत होतो, बागेत काम करायचो, अंगावर असा डाग आला होता" हे आपण होऊन सांगायला हवं, डागाचा फोटो असेल तर दाखवायला हवा. घसा बघण्यासाठी मात्र अडायचं कारण नाही, दुर्बिणीने स्वरयंत्र बघणारे ईएनटी आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळतात. आवाजाच्या थेरपीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

पाचवी पायरी: लाइमचा उपचार पुरा झाला का, एवढंच बघा

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न नेमका ठेवा: माझ्या बाबतीत मज्जासंस्थेतल्या लाइमची शक्यता आहे का, आणि असेल तर त्याला पुरेल असा कोर्स झालाय का? अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नसांच्या लाइमसाठी १४ ते २१ दिवसांचा कोर्स असतो, तोंडाने डॉक्सिसायक्लिन किंवा शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन वगैरे. रक्ततपासणी दोन टप्प्यांत होते. चावल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि एकदा पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही तशीच राहू शकते. म्हणून "अजून पॉझिटिव्ह आहे, म्हणजे जंतू आहेत" असा अर्थ काढू नका.

उपचारानंतरही काहींना थकवा, अंगदुखी, विसरभोळेपणा महिनोन्‌महिने राहतो. तो खरा असतो, मनाचे खेळ नसतात. अशा रुग्णांना महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन काळजीपूर्वक चाचण्या झाल्या आहेत, २००१ मध्ये अमेरिकेत आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये. टिकाऊ फायदा दिसला नाही. शिरेत कायमची नळी ठेवल्याने होणारे संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या मात्र जीवघेण्या ठरू शकतात. आवाज परत यावा म्हणून वर्षभर सलाइन लावून देणारं कुणी भेटलं, तर पैसे भरण्याआधी एकदा संसर्गरोग तज्ज्ञांचं मत घ्या. हताश माणूस काहीही करायला तयार होतो. मीही झाले होते.

सहावी पायरी: घशाची रोजची निगा

पाणी थोडं थोडं, दिवसभर. लघवी फिकट राहील इतकं. इथल्या हिवाळ्यात हीटरमुळे घर वाळवंटासारखं कोरडं होतं. झोपायच्या खोलीत ह्युमिडिफायर लावून ओलावा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा आणि यंत्र नियमित धुवा, नाहीतर त्यातच बुरशी धरते. साध्या पाण्याची वाफ पाच मिनिटं घेतली तर बरं वाटतं. त्यात बाम घालू नका आणि उकळतं पातेलं मांडीवर घेऊ नका.

घसा खाकरणं सोडा. खाकरताना तंतू एकमेकांवर जोरात आपटतात, सुजतात, आणि मग परत खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी घोटभर पाणी, किंवा तोंड मिटून हलकंसं "हं" आणि मग आवंढा. ही सवय मोडायला मला तीन आठवडे लागले. मुलीला सांगून ठेवलं होतं, मी खाकरले की तिने बोट वर करायचं. कुजबुजूही नका. त्याने बहुतेकांचा गळा आणखी आवळला जातो. हळू पण खऱ्या आवाजात बोला.

पित्ताचा त्रास असेल तर रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली वीतभर उंचीचे ठोकळे.

आता घरचे उपाय. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या जरूर करा, घशाला आराम पडतो. पण गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, तसं पोचलं तर ठसकाच लागेल. मधाचं चाटण चालेल, मधुमेहींनी जपून. ज्येष्ठमधाची कांडी मात्र रोज चघळू नका. जास्त दिवस घेतली तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, आणि रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर धोका वाढतो. ज्यांना मिंट-मेंथॉलच्या गोळ्यांनी घसा कोरडा पडतो, त्यांनी साधी खडीसाखर चोखावी.

सातवी पायरी: सराव

कॅमेऱ्याची तपासणी झाल्यावरच सुरू करा, आणि पहिल्या काही वेळा थेरपिस्टसमोर. एकावेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. लाइमनंतरच्या थकव्यात सलग अर्धा तास केलेला सराव दुसऱ्या दिवशी अंगावर येतो. चक्कर येत असेल तर बसूनच करा.

पेल्यात पाणी घ्या, त्यात स्ट्रॉचं टोक पेरभर बुडवा. ओठ स्ट्रॉभोवती मिटा, गाल ढिले. खांदे न उचलता श्वास घ्या आणि स्ट्रॉमधून "ऊऽऽ" सोडा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ते अडखळले तर हवा कमी पडतेय किंवा गळा आवळतोय. आवाज ओठांपाशी गुणगुणल्यासारखा जाणवला पाहिजे, गळ्यात ओढ लागता कामा नये. हे जमलं की त्याच "ऊ"वर सूर खालून वर आणि वरून खाली सावकाश न्या, मोटार घाट चढते-उतरते तसा. पाण्याच्या दाबामुळे तंतू कमी आपटून थरथरतात, म्हणून दुखऱ्या आवाजालाही हा व्यायाम झेपतो.

मग स्ट्रॉ बाजूला ठेवून मिटल्या ओठांनी "म्ऽऽ". भ्रामरी करणाऱ्यांना ही जागा ओळखीची वाटेल: ओठ, नाकाचा दांडा, गालाची हाडं झणझणतात. तिथून शब्दांत या: मामा, मावशी, नमन. मग "माझ्या मामाने मला मोगरा दिला". म आणि न भरपूर असलेली वाक्यं आवाजाला गळ्यातून उचलून पुढे आणतात.

माझ्या थेरपिस्ट अमेरिकन, त्यांना मराठी येत नव्हतं. वर्गात मी काय काय म्हणते ते त्यांनी लिहून आणायला सांगितलं, तेव्हा माझ्याच लक्षात आलं: ऐका, इकडे बघा, उभे राहा, आता लिहा. सगळं स्वरापासून सुरू होणारं, आणि मी प्रत्येक स्वरावर गळ्यात ठोसा मारत होते. उपाय असा की आधी किंचित हवा सोडून मग स्वर, जणू पुढे पुसटसा "ह" आहे. "ऐका"च्या जागी मी "मुलांनो" म्हणायला लागले. "म"ने सुरू होणाऱ्या हाकेला गळा आवळावा लागत नाही.

गाणाऱ्यांनी खर्जाचा रियाज लगेच सुरू करू नये. खाली दाबून लावलेला सूर थकलेल्या गळ्याला ताणतो. बोलण्याच्या पट्टीच्या आसपास, हलक्या आवाजात, स्ट्रॉवरच अलंकार घ्या. आणि गणपतीत मंडळात झांजांवर ओरडून आरत्या म्हणणं त्या वर्षापुरतं राहू द्या. मी झांजा घेतल्या आणि ओठ मिटून राहिले.

दुखलं, आवाज सरावाआधीपेक्षा घोगरा झाला किंवा ठसका लागला तर थांबा आणि पुढच्या भेटीत सांगा.

आठवी पायरी: बोलणं वाटून घ्या

दिवसाचं बोलणं घरखर्चासारखं आधी मांडावं लागतं. मोठी मीटिंग असेल त्या दिवशी फोन नाही. दर वीस मिनिटं बोलण्यामागे दहा मिनिटं गप्प. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाका मारणं बंद, घरात टाळी किंवा घंटी. गाडीत, मिक्सर चालू असताना, पार्टीच्या गोंगाटात बोलू नका. आईला मी सांगितलं, "तू बोल, मी ऐकते," आणि तिने तासभर गल्लीतल्या बातम्या दिल्या. दोघींनाही बरं वाटलं.

शिकवणाऱ्यांनी कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि डोक्यावरचा माइक घ्यावा. मी आधी संकोच केला, फार उशिरा घेतला. नोकरीत अडचण येत असेल तर अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखाली माइक, लेखी चॅट, मीटिंगमध्ये मध्ये विश्रांती अशा सोयी मागता येतात. डॉक्टरांचं पत्र जोडून एचआरला लेखी अर्ज द्या.

तंतू हलत नसेल तर

कारण शोधून झालं की नस आपोआप सावरते का, याची वाट बघतात. कधीकधी यात नऊ महिने ते वर्ष जातं. तोवर गप्प बसून राहायला लागत नाही. लुळ्या तंतूत तात्पुरता भराव इंजेक्शनने घालता येतो, म्हणजे दुसरा तंतू त्याला येऊन मिटतो. आवाज भरतो, खोकल्याला जोर येतो, ठसका कमी होतो. भराव काही महिन्यांत विरघळतो, तोवर नस जागी झाली तर उत्तमच. नाही झाली तर मानेवर छोटी शस्त्रक्रिया करून तंतू कायमचा मध्यभागी सरकवता येतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी आधी करून घ्या, पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

परत कामाला लागताना

पहिल्या महिन्यात मी वर्गात सलग पंधरा मिनिटं बोलायचे, मग मुलं दहा मिनिटं लिहायची. "आ" १२ सेकंदांवर टिकायला लागल्यावर वीस मिनिटं केली. थकवा उसळला त्या आठवड्यात परत पंधरावर आले. तीन महिन्यांनी कॅमेऱ्याची तपासणी पुन्हा झाली, पहिल्या रेकॉर्डिंगशेजारी नवं लावून ऐकलं. सहा-आठ आठवडे नियमित सराव करूनही फरक नसेल तर त्याच व्यायामांना चिकटून राहू नका, परत दाखवा आणि निदानच पुन्हा तपासायला सांगा.

आणि मे उजाडला की पायमोजे विजारीवर ओढा, बागेतून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत, कमरेपाशी बघा. मे ते जुलैमधली पिल्लू गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तिच्यावर तेल-तूप किंवा काडेपेटी नाही. तारीख लिहा, जागेचा फोटो काढा आणि डॉक्टरांना लगेच विचारा, काही वेळा ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा एक डोस देतात. लाइम एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. पुढचे तीस दिवस त्या जागेवर लक्ष ठेवा, आणि डाग जांभळट दिसला तरी तो डॉक्टरांना दाखवा.